रिकाम्या जागी शून्य भरू नकोस

अगं, लोकांनी भरलेल्या शीटमध्ये एकाच रकान्यात आकडे, रिकाम्या जागा, 'माहीत नाही' असले शब्द, सगळंच येणार. त्याचे आकडे करताना पायथनने एरर दिला म्हणून घाबरू नकोस. फक्त एक मनावर घे: त्या एररचं तोंड दाबायचं नाही.

नुसतं एक्सेप्ट लिहून खाली पास टाकलंस की सगळं शांत होतं खरं. पण मग व्हेरिएबलच्या नावात झालेली चूकही त्यातच गडप होते, आणि कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवायला गेलीस तर तेही. म्हणून नेमकं नाव घे. इंटला 'बारा' हा शब्द दिलास तर व्हॅल्यूएरर येतो, नन दिलंस तर टाइपएरर. हे दोन एका कंसात लिहून तेवढेच पकड, बाकीचे वर जाऊ देत. ट्रायखाली रूपांतराची एकच ओळ ठेव, पुढचं काम एल्समध्ये.

आणि ऐक, जिथे एरर येतच नाही त्या जागा जास्त फसव्या. १२.७ हा आकडा इंटला दिलास की तो निमूटपणे १२ करतो. तोच अवतरणात, स्ट्रिंग म्हणून दिलास तर अडतो. 'फॉल्स' ही स्ट्रिंग बूलला दिलीस तर ट्रू मिळतं, कारण स्ट्रिंग रिकामी आहे का, एवढंच तो बघतो. 'नॅन' फ्लोटला चालतं, आणि मग अख्खी बेरीजच नॅन होते. '१,२०,०००' मधले स्वल्पविराम आधी काढावे लागतात. देवनागरी अंकांची मात्र काळजी नको, ते इंट सरळ वाचतो. पैशांसाठी डेसिमल घेशील तर तिथला इनव्हॅलिडऑपरेशन वेगळा पकड. व्हॅल्यूएरर लिहून तो सापडत नाही.

रूपांतर जमलं नाही म्हणून शून्य कधीच भरू नकोस गं. ज्या मुलीचे गुण भरायचे राहिले, तिला शून्य मिळाले असं आपण कसं म्हणणार? वर्गाची सरासरी खाली येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथे नन ठेव. ओळीचा क्रमांक आणि मुळात जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं वेगळ्या यादीत टाक. म्हणजे ज्यांनी माहिती भरली त्यांना नेमकं विचारता येतं.

आधी एवढं करून बघ. यादी निघाली की मला पाठव, दोघी मिळून बघू.