निर्वासितांचे रहिवासी कसे झाले



पूर, दुष्काळ, भूकंप यांमुळे माणसे घरदार सोडून जातात, तसेच धर्मकलहामुळेही जातात. परंतु या दोहोंत एक मोठा भेद आहे. पुराचे पाणी ओसरले की मनुष्य परत येतो, चिखल उपसतो आणि पडलेली भिंत पुन्हा उभी करतो. धर्मकलहात बहुधा भिंत पडलेली नसते. घर जागच्या जागी असते, विहिरीला पाणी असते, शेतात पीक डोलत असते. नाहीसा झालेला असतो तो शेजार. शेजाऱ्यावरील विश्वास उडाला म्हणजे भरले घरही राहण्याजोगे उरत नाही. म्हणून अशा लोकांस अन्नवस्त्र दिल्याने काम संपत नाही. त्यांस नवे गाव आणि नवा शेजार मिळवून द्यावा लागतो. पहिल्या कार्यास आपण साह्य म्हणू व दुसऱ्यास पुनर्वसन. या दोन शब्दांतील अंतर कसे ओलांडले जाते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

गोमंतकातून निघालेल्या घराण्यांस ही गोष्ट केवळ पुस्तकातली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या धर्मविषयक जाचामुळे साष्टी, तिसवाडी, बारदेश या महालांतील अनेक कुटुंबांनी आपली गावे सोडली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. कित्येक घराणी किनाऱ्याकिनाऱ्याने मंगळूर, कोचीपर्यंत पोहोचली. त्यांस कोणत्याही सरकारी छावणीत शिधा मिळाला नाही. जातगोत, देवस्थान आणि हातातला व्यवसाय हाच त्यांचा आधार होता. अशा लोकांस वसविणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे मानून मोठ्या प्रमाणावर काम झाले ते आपल्या देशात १९४७ नंतर. म्हणून अभ्यासासाठी तोच काळ आम्ही निवडला आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि पंजाबच्या दोन्ही भागांत कत्तली सुरू झाल्या. पश्चिमेकडून हिंदू व शीख, पूर्वेकडून मुसलमान, असे लोकांचे लोंढे परस्परविरुद्ध दिशांनी वाहू लागले. १९५१ च्या खानेसुमारीत भारतात आलेल्या विस्थापितांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्र सरकारने साह्य व पुनर्वसन यांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापिले. क्षितीशचंद्र नियोगी हे त्याचे पहिले मंत्री होत.

सर्वांत मोठी छावणी कुरुक्षेत्रास होती. महाभारतातील रणभूमीच्या त्या परिसरात तंबूंचे नगरच वसले आणि त्यात एके काळी सुमारे तीन लाख लोक राहत होते. त्यांच्यासाठी रोज १०० टनांच्या घरात पीठ लागे. शिवाय तांदूळ, डाळ, साखर, मीठ व रॉकेल. साह्य म्हणजे केवळ दयाबुद्धी नव्हे, ते मोजमापाचे व शिस्तीचे काम आहे, हे या आकड्यांवरून कळते. पीठ एक दिवस उशिरा आले, तर तीन लाख माणसे उपाशी राहावयाची!

दिल्लीतही छावण्या होत्या; पण जुना किल्ला आणि हुमायूनची कबर येथील छावण्यांत १९४७ च्या शरद ऋतूत आश्रय घेतला होता तो दिल्ली व आसपासच्या मुसलमानांनी. आपल्याच शहरात ते निर्वासित झाले होते. तेथे काम करणाऱ्यांत अनीस किडवई या होत्या. त्यांचे पती शफी अहमद किडवई हे मसुरीच्या नगरपालिकेचे प्रशासक होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांची हत्या झाली. शोकाकुल अवस्थेत त्या गांधीजींकडे गेल्या, तेव्हा गांधीजींनी त्यांस छावण्यांतील दुःखितांची सेवा करण्यास सांगितले. त्यांनी ते काम पत्करले, आणि पुढे त्या दिवसांची हकीकत ‘आज़ादी की छाँव में’ या ग्रंथात लिहून ठेवली. साह्याचा पहिला नियम येथे दिसतो: ताटात अन्न वाढताना धर्म विचारावयाचा नसतो. हा नियम बोलावयास सोपा आहे. ज्याचे माणूस मारले गेले आहे त्याने तो पाळणे किती कठीण, हे ज्याचे त्याने मनाशी विचारून पाहावे.

आता पुनर्वसनाकडे वळू. पश्चिम पंजाबातून आलेले बहुसंख्य लोक शेतकरी होते, आणि शेतकऱ्यास तंबूत बसवून किती दिवस पोसणार? परंतु जमिनीचा हिशेब जुळत नव्हता. हिंदू व शीख शेतकऱ्यांनी पश्चिमेस सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडली होती. मुसलमान शेतकऱ्यांनी पूर्व पंजाबात सोडलेली जमीन सुमारे ४७ लाख एकर भरत होती. शिवाय सोडलेल्या जमिनीत कालव्यांच्या पाण्याची उत्तम जमीन पुष्कळ होती, तर मिळावयाच्या जमिनीत कोरडवाहू अधिक. हा गुंता सोडविण्याचे काम तरलोक सिंग या अधिकाऱ्याकडे होते.

आरंभी प्रत्येक कुटुंबास, त्याची पूर्वीची जमीन कितीही असो, सुमारे १० एकर जमीन तात्पुरती कसावयास दिली आणि बी-बियाणे व औते यांसाठी कर्ज दिले. पेरणीचा हंगाम चुकू नये, हा यातला हेतू. त्यानंतर कायमच्या वाटपासाठी अर्ज मागविले. ते पाच लाखांहून अधिक आले. आता कोणाचा अर्ज खरा आणि कोणाचा फुगविलेला, हे ठरवावे कसे? त्यासाठी एकाच गावाहून आलेल्या लोकांस एकत्र बसवून, त्यांच्यासमोर प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचण्यात येई. सरकारी कारकुनास फसविता येईल. पण ज्याने आपला बांध पाहिला आहे त्या शेजाऱ्यास कसे फसविणार? ज्या शेजाराची मोडतोड झाली होती, त्याच्याच साक्षीने न्याय करण्याची ही रीत आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

पुढची अडचण जमिनीच्या प्रतीची. तिच्यावर ‘प्रमाण एकर’ हे माप योजिले. उत्तम जमिनीची किंमत सोळा आणे धरावयाची आणि कमी प्रतीच्या जमिनीची त्या मानाने कमी आण्यांत. सोळा आण्यांचा एक एकर म्हणजे एक प्रमाण एकर. अर्थात चार आणे प्रतीची जमीन असेल तेथे चार एकर मिळून एक प्रमाण एकर होई. जमीन मुळातच कमी असल्याने काटछाट सर्वांस सोसावी लागणार होती. परंतु ती चढत्या प्रमाणात ठेविली. पहिल्या १० एकरांवर शेकडा २५, म्हणजे दहाचे साडेसात. पुढे १० ते ३० एकरांच्या टप्प्यावर शेकडा ३०. आणि असे चढत चढत ५०० एकरांपलीकडील जमिनीवर शेकडा ९५. ज्याचे थोडे होते त्याचे थोडेच कापले, ज्याचे फार होते त्याचे फार कापले. नोव्हेंबर १९४९ पर्यंत सुमारे अडीच लाख वाटपे झाली होती. वर्गात शिकविलेले शेकडेवारीचे गणित कोणाच्या तरी पोटाशी कसे निगडित असते, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

शेती नसलेल्यांचे काय? कुरुक्षेत्राजवळ निलोखेडी येथे सु. कु. डे या अभियंत्याने दलदलीची जमीन सुधारून, निर्वासितांच्याच हातांनी एक नगर उभारण्यास १९४८ मध्ये प्रारंभ केला. तेथे कारागिरी शिकावयाची, करावयाची आणि तिच्यावर जगावयाचे, अशी योजना होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास योजनेस या प्रयोगाचा उपयोग झाला. दिल्लीजवळ फरिदाबाद येथे वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या लोकांनी आपली घरे आपणच बांधली. या कामी मजुरांच्या सहकारी संस्था काढण्यात कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी स्थापिलेल्या भारतीय सहकारी संघाचा मोठा वाटा होता. कमलादेवी मूळच्या मंगळूरच्या. दिल्लीकडील निर्वासित त्या काळी म्हणत, “आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी आहोत.” या एका शब्दात पुनर्वसनाचे सारे मर्म आले आहे.

सिंधमधून आलेल्यांची कथा आणखी निराळी आहे. पंजाब व बंगाल दुभंगले, तरी त्यांचा एकेक भाग भारतात राहिला; सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि बोटींतून येणाऱ्या सिंधी हिंदूंची मुंबईच्या बंदरात रीघ लागली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या होत्या. तेथे सुमारे एक लाख लोक राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. कच्छात महाराव विजयराजजी यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून १५ हजार एकर जमीन दिली; भाई प्रताप यांच्या उद्योगाने तेथे गांधीधाम उभे राहिले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातील प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. घरापाठोपाठ विद्यालय आले, आणि विद्यालयामुळे भाषेला आधार मिळाला. ज्या भाषेला प्रांत उरला नव्हता, त्या सिंधीस १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. कोंकणीस ते १९९२ मध्ये मिळाले. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आपणां सर्वांस या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

एवढे वाचून सर्व काही उत्तम झाले, असा समज मात्र होऊ देऊ नये. पूर्व बंगालातून आलेल्यांस न्याय तोकडा मिळाला. ते लोक परत जातील अशी आशा सरकारने दीर्घकाळ धरली. १९५४ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचा लाभ पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसच मिळाला. कलकत्त्याच्या आसपास लोकांनी पडीक जागा बळकावून आपल्या वसाहती आपणच उभ्या केल्या. १९५८ पासून अनेक कुटुंबांस बस्तर, कोरापुट या भागांतील दंडकारण्यात पाठविण्यात आले. महाराष्ट्रातील आजच्या गडचिरोली जिल्ह्यातही बंगाली गावे वसली. नदीकाठच्या भातशेतीत वाढलेल्या माणसास खडकाळ माळावर नेताना, तुला हे जमेल काय, असे फारसे कोणी विचारले नाही. त्यांतील काही लोक १९७८ मध्ये सुंदरबनातील मरिचझांपी बेटावर जाऊन राहिले. पुढच्याच वर्षी तेथून त्यांस बळाने हुसकून लावण्यात आले. तसेच पळवून नेलेल्या स्त्रियांच्या सुटकेसाठी १९४९ मध्ये कायदा झाला. त्यामुळे अनेकींची सुटका झाली हे खरे. परंतु परत जाण्याची इच्छा नसलेल्या स्त्रीस नकार देण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला नव्हता.

ही दोन्ही अंगे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक सूत्र हाती लागते. जेथे विस्थापितास विचारले, त्याची साक्ष मानली, त्याच्या हातास काम दिले व त्याच्या भाषेस शाळा दिली, तेथे निर्वासिताचा रहिवासी झाला. जेथे त्याच्यावतीने परस्पर ठरविले, तेथे साह्य पोहोचले तरी माणूस उपराच राहिला. भुकेल्यास घास देणे ही पहिली पायरी. ती चुकता कामा नये. परंतु त्याचा शब्द ऐकून घेणे ही दुसरी पायरी आहे, आणि तीवाचून पुढचा जिना चढता येत नाही.

२०२४ च्या अखेरीस कलह व छळ यांमुळे घरास मुकलेल्या माणसांची जगातील संख्या १२ कोटींवर होती. तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी अभियंता, कोणी शिक्षक, कोणी सरकारी अधिकारी. अशा माणसांची रांग कधीतरी तुमच्या मेजासमोर उभी राहील. त्या वेळी हातात शिधा असावाच. पण त्याबरोबर आणखी एक खुर्ची असावी, समोरच्याने बसून आपली हकीकत सांगावी म्हणून. आणि तोवर, वर्गात परगावाहून आलेला, वेगळी बोली बोलणारा एखादा मुलगा एकटा बसलेला दिसला, तर त्यास आपल्या बाकावर जागा करून द्यावी. शेजार जोडण्याचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.