आधी पांघरूण, मग प्रश्न

‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, हा पहिला आदेश आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्यानंतर घरी काय घडले, हे मात्र पालक म्हणून क्वचितच आठवतो. सहीह बुखारीतील हकिकतीनुसार प्रेषित मुहम्मद (स.) हिरा गुहेतून थरथरत्या अंतःकरणाने परतले व त्यांनी पांघरूण घालण्यास सांगितले. भीती ओसरेपर्यंत त्यांना पांघरुणात विसावू दिले गेले. मग त्यांनी घडलेले सांगितले आणि हजरत खदीजा (रजि.) यांनी ते ऐकून घेतले. आप्तांशी नाते जपणे, दुर्बलांचा भार वाहणे हे त्यांचे सद्गुण स्मरून देऊन धीर दिला. शेवटी त्या त्यांना जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या.

वह्यीचा तो प्रसंग अद्वितीय आहे. परीक्षेच्या भीतीशी त्याची तुलना होऊच शकत नाही. परंतु धीर देण्याचा हा क्रम प्रत्येक घराने शिकावा असा आहे: आधी आधार, मग ऐकणे, मग गुणांचे स्मरण आणि शेवटी जाणकाराचा सल्ला.

आपण नेमके उलट करतो. उतरलेल्या चेहऱ्याने मूल दारात येते आणि आपला पहिला प्रश्न असतो, “किती गुण मिळाले?” २०२५ मध्ये दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के, राज्यात सर्वाधिक लागला. ही आनंदाची बाब खरी. पण जेथे जवळजवळ सर्वच उत्तीर्ण होतात, तेथे मागे राहिलेले मूल किती एकाकी पडत असेल, याचा विचार करा.

मिरकरवाड्यातील अनेक घरांत वडील मासेमारीसाठी समुद्रावर असतात आणि मुलांची चिंता एकट्या आईवर पडते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. याच काळात शाळाही सुरू होतात. वडिलांनो, जाळी दुरुस्त करताना मुलाला शेजारी बसवा. हिशेब मागू नका. त्याला बोलू द्या. हजरत यूसुफ (अ.) यांनी आपले स्वप्न प्रथम वडिलांनाच सांगितले होते, कारण तेथे ऐकून घेतले जाईल हा विश्वास होता.

शाळेच्या वेळी वारंवार पोट दुखणे, झोप उडणे, मित्रांना टाळणे ही ‘नाटके’ समजू नका. हे दिवसेंदिवस टिकले, तर वर्गशिक्षकांशी बोला, डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही; उपचार करा, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, असा सूरह बकराच्या अखेरच्या आयतीचा आशय आहे. मग आपण आपल्या लेकरांवर तो का टाकावा?

अल्लाह आपल्या घरांना मुलांसाठी आसरा बनवो. आमीन.