इंग्रजीतील दोन क्रियारूपे आणि मराठी विद्यार्थी

स्पर्धा परीक्षांस बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या उमेदवारांची इंग्रजी वाक्यरचना पुष्कळदा एकाच ठिकाणी अडखळते. एका क्रियापदापुढे दुसरे आले, की त्यास ‘इंग’ जोडावे की त्यापूर्वी ‘टू’ ठेवावे, हा तो प्रश्न होय. पहिल्या रूपास जेरंड म्हणतात, दुसऱ्यास इन्फिनिटिव्ह. मराठीत दोहोंच्या जागी बहुधा ‘णे’कारान्त धातुसाधित नाम येत असल्याने ही रूपे समानार्थी असावीत, असा समज शालेय वयातच रुजतो. ‘लाइक’, ‘बिगिन’ यांसारख्या क्रियापदांपुढे दोन्ही चालतात, त्यामुळे तो अधिकच दृढ होतो.

‘टू’ हे मुळात दिशा दाखविणारे शब्दयोगी अव्यय. म्हणूनच इच्छा, निश्चय, आशा दर्शविणाऱ्या ‘वाँट’, ‘डिसाइड’, ‘होप’ या क्रियापदांपुढे ते येते. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’ यांच्यापुढे ‘इंग’ येते. परंतु या तत्त्वावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. ‘सजेस्ट’ आणि ‘पोस्टपोन’ यांचा रोख पुढील कृतीकडे असूनही त्यांना ‘इंग’च लागते. ‘ही सजेस्टेड टू गो’ ही चूक नेमकी येथूनच उद्भवते. अशी क्रियापदे पाठच करावी लागतात.

खरा कस लागतो तो रूपाबरोबर अर्थही पालटतो तेथे. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे धूम्रपान करण्यासाठी तो थांबला. ‘आय फरगॉट टू पोस्ट द लेटर’ म्हणजे पत्र टाकायचे राहून गेले. ‘आय फरगॉट पोस्टिंग द लेटर’ म्हणजे पत्र टाकले होते, पण टाकल्याचे स्मरण उरले नाही. ‘टाकायचे’ आणि ‘टाकल्याचे’ हा भेद मराठीत रोजच्या बोलण्यात आहे. पाठ्यपुस्तकांतून त्याचा उपयोग करून घेतला जात नाही, हे नवलच. कार्यालयीन पत्रव्यवहारात तर हा भेद महत्त्वाचा ठरतो. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे आपणांस कळविण्यास खेद होतो. तेथे ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिले, तर आधीच कळविले याचा पश्चात्ताप होतो, असा अर्थ निघून अर्जदार बुचकळ्यात पडेल.

आणखी एक फसवे स्थळ ध्यानात घेण्याजोगे आहे. नोकरीच्या अर्जाअखेरीस ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असे लिहिलेले वारंवार आढळते. येथील ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नसून शब्दयोगी अव्यय आहे. त्यापुढे ‘हिअरिंग’ हवे. संशय आल्यास ‘टू’पुढे एखादे नाम ठेवून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर लेटर’ हे वाक्य जुळते, म्हणून तेथे ‘इंग’. ‘आय होप टू युअर लेटर’ असे कोणी म्हणत नाही. तेथे मूळ क्रियापदच यावयाचे.