चित्रांतील उजेड आणि आपली दृष्टि

मैंदर्गीच्या शिवारांत सकाळीं उभें राहून पाहिलें असतां बाभळीची, विहिरीवरील खांबाची व आपली स्वतःची सावली पश्चिमेकडेच पडलेली दिसते. सूर्य एक असल्यामुळें निसर्ग या नियमांत चुकत नाहीं. चित्र मात्र चुकूं शकतें, आणि ती चूक आपल्या डोळ्यांस सहसा कळत नाहीं.

इ. स. २००५ मध्यें युरी ऑस्ट्रोव्हस्की, पॅट्रिक कॅव्हॅना आणि भारतांत जन्मलेले पवन सिन्हा या शास्त्रज्ञांनीं याविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका बाजूनें उजळलेल्या अनेक ठोकळ्यांच्या चित्रांत एकच ठोकळा निराळ्या बाजूनें उजळलेला होता. सर्व ठोकळे सारखे मांडलेले असतां तो तत्काळ ओळखूं येई. परंतु ते वेडेवांकडे फिरवितांच तो शोधणें फार कठीण जाई. याचें कारण असें कीं, डोळा प्रत्येक वस्तूचा आकार समजण्यापुरताच उजेड विचारांत घेतो; सबंध चित्राचा ताळा पाहत नाहीं.

तरीही निष्ठावंत चित्रकार हा ताळा राखतो. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्यांत हातावर, वस्त्रावर व मुखावर पडलेला उजेड त्या एका दिव्याचाच वाटतो.

आतां परीक्षेची रीत सांगतों. सावलीच्या टोकापासून वस्तूच्या त्याच टोकापर्यंत पट्टीनें रेघ ओढून ती पुढें वाढवावी. अशा अनेक रेघा काढाव्या. उजेड एका दिव्याचा असेल, तर त्या दिव्यापाशीं मिळतील; सूर्याचा असेल, तर एका बिंदूकडे जातील अथवा समांतर राहतील. केवळ सावल्या तिरप्या दिसल्या म्हणून छायाचित्रास खोटें म्हणूं नये. दूरत्वामुळें समांतर सावल्याही चित्रांत तिरप्या भासतात. तसेंच रेघा जुळल्या म्हणजे चित्र खरेंच, असेंही नव्हे.

आज दोन छायाचित्रें जोडून तिसरें बनविणें सोपें झालें आहे, व तें क्षणांत घरोघरीं पोंचतें. अशा एका चित्रानें निरपराध मनुष्याची अब्रू जाऊं शकते. म्हणून पालकांस व मुलांस आमची विनंति आहे कीं, चित्र पाहून कोणास दोष देण्यापूर्वीं पट्टी व पेन्सिल हातीं घ्यावी, आणि तोंवर जीभ आवरावी. डोळ्यांनीं पाहिलेलें तपासून घेणें हीच खरी विद्या होय.