छबिलदास चळवळीचा बोध

नव्या नाटकाला प्रथम जागा लागते. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास याची साक्ष देतो.

सन १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदी मंडळींनी मुंबईत ‘रंगायन’ काढले. पुढे मतभेद झाले आणि १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’ ही संस्था स्थापिली. तिचे पहिले नाटक ‘तुघलक’. मूळ कन्नड गिरीश कार्नाडांचे, मराठी रूप तेंडुलकरांचे. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आम्हां चिकोडीकरांस याचे विशेष अगत्य वाटते.

१९७४ पासून ‘आविष्कार’चे प्रयोग दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात होऊ लागले. तेथे नाट्यगृहाचा थाटमाट नव्हता. म्हणूनच खर्च अल्प आणि नवे करून पाहण्याची मुभा मोठी. इतर संस्थांनाही ते दालन खुले झाले, व शाळेच्याच नावाने चळवळ ओळखली जाऊ लागली.

मग ओहोटी लागली. नट-दिग्दर्शक व्यावसायिक रंगभूमी, चित्रपट व दूरदर्शनकडे वळले. १९८७ मध्ये अरविंद देशपांडे निवर्तले. पुढे शाळेची जागा सुटली. संस्था माहीमच्या पालिका शाळेत गेली व तेथे काम करीत राहिली, पण चळवळीची ती गजबज पुन्हा जमली नाही.

तात्पर्य, छप्पर आणि पुढची पिढी ही दोन्ही हवीत. आपल्या संस्थेच्या सभागृहाची महिन्यातून एक संध्याकाळ होतकरू मुलामुलींना विनामूल्य द्यावी, अशी या महोत्सवानिमित्त आमची सभासदांस विनंती आहे.