पाचवा महिना सरताना भाचीस पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
पाडव्याचा दुसरा दिवस

चि. सोनूस,

तुझी तक्रारींची यादी पोचली. जिना चढताना दम लागतो, छातीत जळजळतं, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, बेंबीखाली काळी रेघ उमटलीय आणि हिमोग्लोबिन बारावरून अकराच्या जरा वर येऊन थांबलंय. तुझ्या आईनं ऐकल्याबरोबर मीठमोहऱ्या हातात घेतल्या. म्हटलं, वहिनी, दृष्ट काढायची तर काढा, पण यातलं एकही दुखणं नव्हे. बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी संपवून घरी बसलेय, तेव्हा एवढं तरी माझं ऐका.

आधी रक्ताचं. दिवस भरेपर्यंत अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. त्यातला पाण्याचा भाग भरभर वाढतो, तांबड्या पेशी मागून येतात. पाहुणे आल्यावर आमटीत पाणी वाढवावं तसं हे आहे, आकडा उतरतो. मात्र ११ च्या खाली गेला तर तो नुसता पातळपणा नाही, त्याला औषध लागतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच; दोन्हींत दोन-तीन तास जाऊ देत. शौचाला काळी होते म्हणून गोळ्या उशीखाली लपवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. काळी होणारच, लोह आहे ते.

एवढं रक्त फिरवायचं म्हणजे हृदयाचं काम वाढलं. नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी जलद पडते, म्हणून तो दम. एरवी साठ-सत्तर ग्रॅमची असणारी गर्भाची पिशवी शेवटी किलोभराची होते. आज ती तुझ्या बेंबीपाशी आहे, छत्तिसाव्या आठवड्यात बरगड्यांना टेकेल. तिनं वेळेआधी आवळू नये म्हणून प्रोजेस्टेरॉन तिला सैल ठेवतं. पण ते काही एकट्या पिशवीपुरतं थांबत नाही. जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, आम्ल वर येतं. आतडी सुस्तावतात, पोट साफ होत नाही. तेव्हा तांबडा रस्सा दुपारी खा, रात्री नको, आणि जेवून लगेच आडवी होऊ नकोस. झोपताना डाव्या कुशीवर झोप. उताणं झोपलं की पिशवीचा भार पाठीच्या कण्याशेजारच्या मोठ्या शिरेवर पडतो आणि गरगरतं.

बाळ आता तीनेकशे ग्रॅमचं असेल. पोटात वायू फिरल्यासारखं जे वाटतं म्हणतेस, ती त्याचीच हालचाल. बाळ भोवतीचं पाणी गिळतं आणि त्यातच लघवी करतं. तुला ऐकून शी वाटेल, पण पिशवीतलं पाणी आता बरंचसं त्यातूनच होतं. आणखी महिनाभरात त्याला आवाज कळू लागतील, सातव्यात डोळे उघडतील. सगळ्यात उशिरा तयार होतात ती फुप्फुसं. श्वास सोडल्यावर ती मिटून चिकटू नयेत म्हणून आतून जो लेप लागतो, तो चौतिसाव्या आठवड्यानंतर कुठं पुरेसा होतो. आपल्याकडं म्हाताऱ्या म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. धादांत खोटं. आत काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी सांगणारी कुणी भेटली तर हसून सोडून दे. आकार पोटाच्या स्नायूंवर आणि बाळ कसं आडवंतिडवं आहे त्यावर ठरतो. सोनोग्राफीच्या टेबलावर तर तो प्रश्न तोंडातून काढायचाच नाही. १९९४ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली निघाल्या होत्या. शाहू महाराजांच्या गावाला हे शोभलं नाही.

खाण्याचं. दोन जिवांचं खा, असं दादा फोनवर सांगतो, ते त्याच्या मायेपोटी. रोज वरच्या ३५० कॅलरी लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. खासबागेत कुस्तीला उतरायचं नाहीये तुला. आणि इथं आलीस की तो हौसेनं तुला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेईल, म्हशीखालचं धारोष्ण दूध प्यायला. पैलवान पितात, पिऊ देत. कच्च्या दुधातून येणारे काही जंतू गर्भ पाडू शकतात. तुझा पेला उकळूनच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. गरोदरपणात ‘असं होतंच’ हे वाक्य तुला रोज ऐकू येईल, मीही वर तेच सांगत आलेय. पण संध्याकाळी पावलं सुजणं वेगळं आणि सकाळी उठताना चेहरा, बोटं सुजलेली असणं वेगळं. त्याच्या जोडीला डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर रक्तदाब चढलेला असू शकतो. तो झटक्यांपर्यंत जातो आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततो. १४०/९० ला डॉक्टर सावध होतात, तूही हो. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, पुढं अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची नेहमीची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर सासूबाईंना विचारत बसू नकोस, मलासुद्धा नाही. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, दवाखाना गाठ. सांगायची लाज वाटली तर हे आठव, की बायकांना आपलं दुखणं बाईजवळ बोलता यावं म्हणून या गावात शंभर वर्षांपूर्वीच डॉक्टर कृष्णाबाई केळवकर काम करत होत्या, आज सीपीआर म्हणतो त्याच दवाखान्यात. प्रत्येक तपासणीला रक्तदाबाचा आकडा विचारून स्वतः लिहून ठेव. साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा करायची, पहिली चांगली आली म्हणून टाळायची नाही.

बाळंतपणाची तारीख ऑगस्टची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याची वाट कित्येक दिवस बंद होती. डोहाळजेवण मेच्या शेवटाला धरलंय. त्यानंतर परत जायचं नाही. जावईबापूंना आत्ताच सांग, आणि सगळ्या तपासण्यांची फाईल बरोबर घेऊन ये.

तुझी,
आत्या