‘वेल्फेअर’ : एका शब्दाचा प्रवास

निरोप समारंभाला आपली मुले ‘फेअरवेल’ म्हणतात आणि कल्याणकारी योजनांना कार्यालयीन इंग्रजीत ‘वेल्फेअर’ म्हटले जाते. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. जुन्या इंग्रजीत ‘फेअर’ या क्रियापदाचा अर्थ प्रवास करणे, मार्गक्रमण करणे असा होता. म्हणून बसच्या भाड्यालाही इंग्रजीत ‘फेअर’ म्हणतात. ‘वेल’ म्हणजे नीट, सुखरूप. तेव्हा ‘फेअरवेल’ म्हणजे ‘सुखरूप जा’, आणि ‘वेल्फेअर’ म्हणजे माणसाचे नीट चाललेले असणे. आपणही भेटलेल्या माणसाला ‘बरं चाललं आहे ना?’ असेच विचारतो. या मूळ अर्थात देणारा कोणी नाही आणि घेणाराही नाही. चालणारा माणूस हाच कर्ता आहे.

पुढे हा शब्द राज्यकारभारात आला. 1787 साली तयार झालेल्या अमेरिकेच्या संविधानाच्या उद्देशिकेत सार्वजनिक ‘वेल्फेअर’चा उल्लेख आहे. मात्र त्याच संविधानाने प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरली. ‘सर्वांचे कल्याण’ असे लिहिले, तरी त्या ‘सर्वां’मध्ये कोण मोजले जाते, हा प्रश्न उरतोच.

विसाव्या शतकात अर्थ आणखी बदलला. कारखानदार मजुरांसाठी विश्रांतीची खोली, उपाहारगृह, दवाखाना अशा सोयी करू लागले आणि त्याला ‘वेल्फेअर’चे काम म्हणू लागले. 1942 च्या बेव्हरिज अहवालानंतर ब्रिटनमध्ये कल्याणकारी राज्याची कल्पना दृढ झाली. सोयी वाढल्या हे चांगलेच झाले. परंतु चालणारा माणूस मागे पडून देणारा पुढे आला. आपल्याकडील ‘लाभार्थी’ हा शब्द याच वळणाचा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. 1924 साली मुंबईत त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ असे होते. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेसाठी पाठवले, ते बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी. त्या उपदेशातही हित आणि चालणे एकत्रच आहेत. सभेने 1925 साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. हिताची सुरुवात शिकणाऱ्या मुलाच्या निवाऱ्यापासून झाली, हे निवासी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीस भरलेल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषवले. तेथे अंबादेवी मंदिराचा प्रश्न पुढे होता. मागणी दयेची नव्हती, माणूस म्हणून असलेल्या अधिकाराची होती.

1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, 1944 साली, कोळसा खाण कामगार कल्याण निधी अस्तित्वात आला. हा निधी खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावरील करातून उभा राहत असे. ज्याच्या श्रमाने कोळसा वर आला, त्याच्याच घरासाठी आणि आरोग्यासाठी तो पैसा होता. याला उपकार कसे म्हणावे?

पुढे संविधानाच्या मसुद्यात, राज्याने लोककल्याणासाठी झटावे, अशा अर्थाचे कलम आले. तेच आजचे अनुच्छेद 38. नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत त्यातील ‘झटावे’ या अर्थाच्या शब्दावर चर्चा झाली. तो शब्द आपण जाणीवपूर्वक योजला आहे, परिस्थिती कितीही प्रतिकूल असली तरी शासनाने झटत राहिलेच पाहिजे, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले. निदेशक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत, ही मर्यादा खरी आहे. तथापि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे अनुच्छेद 37 सांगतो. म्हणजे ‘वेल्फेअर’ शासनाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

मग दानाला काहीच स्थान नाही काय? आहे. आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. घेणाऱ्याला स्वतःच्या पायांवर चालते करते, तेच दान श्रेष्ठ.

वसतिगृहातील मुलाला ‘समाजकल्याणचा मुलगा’ म्हणून हिणवल्याचे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्याला या शब्दाचा खरा अर्थ सांगावा. शिष्यवृत्ती, निवास आणि भोजन ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती त्याच्या वाटेची शिदोरी आहे. ती उशिरा मिळाली तर कारण विचारण्याचा त्याला अधिकार आहे. आणि स्वतःची वाट सुकर झाल्यावर मागून येणाऱ्याच्या शिदोरीची काळजी वाहणे, हे त्याचे कर्तव्य आहे.